कंटिन्युइटी

मोरेवाडीच्या माळावर, चित्रनगरीत,
मी एका रात्रीत दवाखाना उभा केला.
प्लायवूडच्या भिंती, त्यांना हिरवट रंग,
खिडकीबाहेर छापील झाड.
मॉनिटरवरची रेघ पेनड्राइव्हमधली,
सलाईनच्या बाटलीत प्यायचं पाणी.
माझ्या खात्याला प्रॉपर्टी म्हणतात.
माझ्या नावावर अर्धा गुंठाही नाही.

मालिकेतली आई चारशे बाराव्या भागात जाणार होती.
दिग्दर्शक म्हणाला, कॉटजवळ घरातलं काहीतरी पाहिजे,
वापरलेलं, खरं.
मी मालनअक्काची वायरची पिशवी नेली.
हिरवी-पांढरी, चौकडीची, तिनंच विणलेली,
बंद तुटला होता तिथं लाल वायरची गाठ.
सीपीआरला जाताना तिच्यात असायचं
रिपोर्ट, वाटी-चमचा, दोन मोसंबी,
आणि केस गेल्यापासून एक जादा रुमाल.
केमो एकवीस दिवसांनी. मधले दिवस
पिशवी रिकामीच असते, असं मनाशी म्हटलं
आणि तिला सांगितलं नाही.

सहा टेक झाले.
तिसऱ्यात मरणारी बाई शिंकली.
लेकीचं काम करणारी पोर ग्लिसरीन घालून
हंबरडा फोडायची
आणि कट म्हटलं की विचारायची, जेवण आलं का.
मी हसलो नाही तिला.
अक्काचा रिपोर्ट हातात आला त्या दिवशी
फाटकापाशी उभं राहून मी दोन वडे खाल्ले होते.
गरम होते.

दिग्दर्शकानं बाजूला घेतलं,
तुझ्या घरी पेशंट आहे ना, शेवटाला काय बोलतात?
म्हटलं, दूध तापवलं का विचारतात.
गॅसचा नंबर लावला का.
तो म्हणाला, नको, लोक चॅनल बदलतील.

साडेआठला भाग लागायचा.
बायकोनं रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला.
अक्कानं उठून टीव्हीचंच बटण दाबलं.
"सुई उलटी खोचलीया की रं."
"एवढं बोलाय दम कुठनं आला हिला?"
आई म्हणाली, मी जाते गं बाळा.
"जाते काय जाते? येतो म्हणावं माणसानं."
मग रेघ सरळ झाली.
लेकीनं खिळ्यावरची पिशवी काढून पोटाशी धरली,
कॅमेरा लाल गाठीपर्यंत गेला.

जाहिरात लागली, साबणाची. संपली.
"ती माझी पिशवी हाय."
हो.
"मला वाटलं, दवाखान्यात इसरलो."
आणि कितीतरी वेळानं,
"पोरीनं धरली मात्र झ्याक."

परत कधी आणतोस, विचारलं तिनं.
म्हटलं, एकदा पडद्यावर दिसलेली वस्तू
हलवायची नसते. कंटिन्युइटी म्हणतात तिला.
दुखवटा चालू आहे तोवर त्याच खिळ्यावर.
"किती दिवस दुखवटा?"
टीआरपी असेल तितके.
ती हसली, ठसका लागेपर्यंत हसली.

पुढच्या केमोला कापडी पिशवी नेली आम्ही.
त्याच्या पुढच्यालाही.
पाचव्याला वॉर्डाच्या दारातनं वळून म्हणाली, येतो.

मालिका चारशे सत्तरला बंद पडली.
दवाखान्याच्या भिंतींचं मी त्याआधीच कोर्ट केलं होतं,
रंग तोच ठेवून.
पिशवी घरी आणली. आत कुणीतरी टाकलेला
खोटा रिपोर्ट निघाला,
पेशंटचं नाव पात्राचं, आजार तोच.

माझ्या मोबाइलमध्ये सगळ्या सेटचे फोटो आहेत.
कोणती वस्तू कुठं, कप किती भरलेला,
घड्याळात किती वाजलेले.
घराचा एकही काढून ठेवला नव्हता.
बायको म्हणते, अक्काची वाटी डाव्या फळीवर असायची.
मी म्हणतो, उजव्या.
पिशवीचा खिळा तेवढा दोघांना पक्का आठवतो.

रविवारी बायको ती घेऊन बाजाराला जाते,
शेपू, कोथिंबीर, अर्धा किलो वांगी आणते,
भाजी ओतून झाली की पिशवी झटकते
आणि लाल गाठ बाहेरच्या बाजूला येईल अशी,
माझ्याकडे न बघता,
परत अडकवते.